बुरुजाखालची जागा

तळ्याकाठच्या बागेत जायचा हट्ट माझाच. मांजरसुंब्याहून जीपमध्ये बसलो, मी आणि माझी थोरली जाऊ. दोघींत मिळून धड गुडघा एकच. तिथं पूर्वी निजामाच्या लष्कराचा किल्ला होता. आता बाग, दारावर ती करणाऱ्या सहकारी साखर कारखान्याची पाटी, आत कारंजं, झोके, पाण्याकडे तोंड केलेले बाक. मला यातलं काहीच बघायचं नव्हतं. माझी पहिली लेक तिथं पुरली आहे. मरायच्या आधी ती जागा एकदा बघायची होती.

मोठ्या दुष्काळात त्या तळ्याचा बांध घालायचं काम निघालं, तेव्हा मी सोळा-सतरा वर्षांची. अक्कल बेताची, अंबाडा मात्र डोक्यावरच्या टोपल्याला टेकेल एवढा. किल्ल्यात मोहरांचा हंडा असणारच म्हणून प्रत्येक टोपल्यातली माती बोटांनी चाळायची. मुकादम म्हणायचा, "राणीसायब, खजिना घावला की सांगा. तवर टोपलं उचला."

लेक बुरुजाच्या सावलीत झोळीत असायची. तिला जुलाब लागले आणि ती गेली. एवढ्याशा लेकराला जाळत नाहीत. बुरुजाच्या बुडाशीच पुरली. खुणेला दगड ठेवू का, असं सासऱ्यांनी विचारलं. मी शहाणी! पदराआडून म्हणाले, "खूण कशाला? किल्ला काय पळून जातोय?"

गेला की पळून. बांधाला दगड कमी पडला आणि बुरुज उतरवायचा हुकूम आला. पावसाळ्याच्या आत आम्ही बायकांनीच तो डोक्यावरून बांधावर नेला. दगड जवळ मिळाला, तंगडतोड वाचली, म्हणून सगळ्यांसारखं मलाही बरंच वाटलं. त्या अंबाड्याखाली एवढंही शिरलं नाही, की मी माझीच खूण वाहते आहे. पुढं दरसाल ऊसतोडीला जात राहिलो, इकडं येणं झालंच नाही.

बागेत शिरल्यावर थोरली जाऊ म्हणाली, "हितं. ह्या झोक्यापाशी."

"लई शानी! तिकडं, कारंज्यापाशी. पानी उजव्या हाताला होतं, मला चांगलं आठवतंय."

"अगं येडे, तवा पानी होतं कुटं? त्याच्यापायीच तर मरत होतो!"

खरंच की. मी हसले, तीही हसली. मग तिनं माझा हात धरला तो सोडलाच नाही.

बाग राखणारा लांबून ओरडला, "मावशी, उन्हात काहून उभ्या? गवतावर बसा की, मऊ हाय."

गवतावर लोकांची लेकरं लोळत होती. मी एक पाऊल उचललं, पण टेकवू कुठं?

"न्हाई बाबा," जाऊच म्हणाली, "आमाला हितंच बरं हाय."

आणि आम्ही दोघी तापलेल्या फरशीवर पाय आवळून बसलो.