जमिनीखालचं आकाश

ड्रॉइंगं फायलीत जातात, किस्से मात्र आमच्या चहाच्या टेबलावरच साठत राहतात. विजय नगरमधलं आमचं छोटंसं ऑफिस. काम बड़ा गणपतीच्या मंदिराजवळच्या मेट्रो स्टेशनच्या डिझाइनचं. जमिनीखालचं स्टेशन! आम्ही तिघं: पाठक सर, पुण्याहून नवीन आलेली सावनी आणि मी, पक्का इंदूरी.

*

पहिल्याच दिवशी सावनी साइट बघायला गेली. पोहेवाल्याला विचारलं, "भैया, स्टेशन कहाँ बनेगा?"

"आप जहाँ खड़ी हो ना मैडम, उसके नीचे!"

सावनीनं पटकन पाय उचलला!

"सर, खरंच खालून गाडी गेल्यासारखं वाटलं," ती परत येऊन सांगत होती.

सर म्हणाले, "अरे बेटा, अजून खड्डा तर खोदू दे!"

*

सरांना छताला संध्याकाळच्या आकाशाचा रंग हवा होता. आम्ही रंगांचं शेडकार्ड घेऊन इंदूरच्याच लालबागेत गेलो. कार्ड आकाशाला लावून एक गुलाबी शेड ठरवली, तोवर वर जांभळं झालं. जांभळी ठरवली, तोवर राखाडी!

"सर, फायनल कुठली?"

सर गवतावर आडवे होऊन वर बघत होते. "थांब भिया, क्लायंटचे चेंजेस चालू आहेत!"

*

मग स्टेशनच्या नावावरून मोहल्ल्यात मीटिंग झाली. प्रत्येकानं सुचवलेलं नाव वेगळं, आवाज चढलेले. शेवटी एक काकू उठल्या.

"नाव काहीपण ठेवा हो. मी तर सांगणार, 'गणपतीवर उतार दो, भिया!'"

"काकू, मेट्रो सांगून थांबत नाही."

"आमच्या गणपतीसमोरून न थांबता जाईल? बघतेच!"

*

लोकांना बघायला स्टेशनचं मॉडेल धर्मशाळेत मांडलं होतं. केळकर आजोबांना शेजाऱ्यानं धरून आणलं. मिलमधून रिटायर झालेले. गुडघे असे धरलेले, की ऑटोतही चढवत नाही.

"गाडी जाणार कुठे?"

"विजय नगरकडे, आजोबा."

"माझी मुलगी राहते तिकडे. नात झालीय नुकतीच. फोटोतच पाहिली."

"पण स्टेशन बनायला अजून टाइम आहे," मी जपून म्हणालो.

"मालूम आहे रे."

ते खुर्चीत बसले. मॉडेलच्या प्लॅटफॉर्मवर अलगद बोट टेकवलं आणि डोळे मिटले. लोक आले, बघून गेले. आजोबा हलेचनात. सावनी घाबरली, वाकून म्हणाली, "आजोबा, बरं वाटतंय ना?"

आजोबांनी डोळे न उघडताच तेच बोट ओठांवर ठेवलं.

"शूऽऽ! हळू बोल. आत्ताच झोपलीय नात."