खुर्चीवरच्या आक्का

आमच्या आक्कांना खवा ऐकू यायचा. कढईकडे पाठ करून भांडी घासत असल्या तरी आटत्या दुधाचा आवाज जड झाला की त्या ओरडायच्या, "हालीव गं, बूड धरतंय!" आणि खरंच बूड धरू लागलेलं असायचं. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्या पुष्कळ. त्यातली आमची कुठली, तेही शोधू नका. परवा फोनवर विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "सांग की, पर नाव घिऊ नगं."

आक्का तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी मला सुनावलं होतं, "उलथणं हालवायचं, कंबर न्हाय." पण सकाळची पहिली कढई उतरली की त्यांचा नूर पालटायचा. आमच्या भट्टीचा रिवाज होता: कढई जिच्या हाताखाली, तिने प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर गरम खवा ठेवायचा, मालकापासून हमालापर्यंत. "खा, न्हायतर नजर लागंल खव्याला," आक्का म्हणायच्या. मालक सगळ्यात आधी हात पुढे करायचे.

एका उन्हाळ्यात आक्कांचा हात भाजला. मालकांनी स्वतःच्या जीपमधून खासगी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी न विचारता रक्त तपासलं आणि आक्कांना बाहेर बाकावर बसवून मालकांनाच सांगितलं की बाईंना एचआयव्ही आहे. आक्कांना ते केव्हाचंच ठाऊक होतं. धाराशिवच्या सरकारी दवाखान्यातून त्या गोळ्या आणत होत्या आणि आमच्या दुप्पट काम उपसत होत्या. तो त्यांना कसा झाला हे मी कधी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

हात बरा होऊन आक्का आल्या, तर कढईपासून लांब, दाराशी, एक प्लास्टिकची खुर्ची मांडलेली. मालक म्हणाले, "आक्का, लई राबलात. आता बसून लक्ष ठिवा. पगार हाय तेवढाच." सगळ्यांना वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस! आजाराचा एक शब्दही त्यांनी बाहेर काढला नाही, हेही खरं. उलथणं माझ्या हाती आलं. आक्का खुर्चीवरून कान देऊन मला शिकवायच्या. उठल्या की मालक "बसा, बसा" करत धावायचे.

बसून बसून बाई वाळायला लागली. मी एकदा चिडून म्हटलं, "एवढं सुख टोचतंय व्हय तुमाला?"  पुढच्या खेपेला गोळ्या आणायला त्यांनी मलाच सोबत नेलं आणि एसटीत सगळं सांगितलं. मी खिडकीबाहेर बघत रडले.

दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंनी समजावलं: हा आजार हाताने, खाण्यातून पसरत नाही. त्यापायी कुणाला कामावरून काढता येत नाही, हातातलं कामही काढून घेता येत नाही. तक्रार करा, नाव झाकून करता येते. मी तर पदर खोचूनच तयार झाले. परतीच्या वाटेवर आक्का म्हणाल्या, "नाव झाकलं तरी कढईवरनं उठवलेली बाई एकच हाय की गं. अन् नाव फुटलं तर खवा कोण घील? तुमच्या चुली बी इझतील." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "काढलं आसतं तर भांडले आसते. ह्यानं मान दिऊन बसवलंय. भांडू कसं?" कायदा खरा होता, पण तो मागायला आधी गावासमोर उभं राहावं लागत होतं. मला मालकाचा राग आला, आणि त्या खुर्चीचा तर फारच.

गौरी-गणपतीच्या तोंडावर माझं मनगट सुजलं. मोठी मागणी होती, म्हणून मालकांनी स्वतःच उलथणं धरलं. दाराकडून आवाज आला, "मालक, बूड धरतंय." ते घामाघूम झाले. करपल्याचा वास सुटू लागला तेव्हा कसंबसं बोलले, "आक्का, उठा."

आक्का कढईशी कधी पोचल्या, कळलंच नाही. बूड न खरवडता त्यांनी वरचा खवा अलगद दुसऱ्या कढईत घेतला आणि झकास उतरवला. मग रिवाजाप्रमाणे एकेकाच्या तळहातावर चिमूट ठेवत आल्या. आज मालक मागे, पार पोत्यांपाशी उभे होते. आक्कांनी हात पुढे केला.

"आज माझा उपास हाय, आक्का."

हमाल फिदीफिदी हसले. उपासाला खवा चालत नाही, हे खव्याच्या भट्टीवाल्याने सांगावं! निम्म्या तालुक्याची एकादशी आमच्या खव्यावर निभते. मालकही ओशाळून हसले, पण हात काही पुढे आला नाही. आक्का हसल्या नाहीत. ती चिमूट त्यांनी आपल्याच तोंडात टाकली, उलथणं धुतलं आणि माझ्याजवळ दिलं.

दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी होती. त्या लोहारा तालुक्यात बहिणीच्या गावी निघून गेल्या. आता तिथे शेतात खुरपायला जातात. लोक अजून म्हणतात, "दैव देतं अन् कर्म नेतं. असला मालक सोडून जातंय का कुणी?" मला उत्तर ठाऊक आहे आणि देता येत नाही.

पहिली कढई उतरली की आता मी सगळ्यांना खवा वाटते. मालक सगळ्यात आधी हात पुढे करतात.