दहा मिनिटं तोंड बंद

भोंग्याला लाउडस्पीकर कधी लागला नाही. कांद्याच्या लिलावात तो ढिगावर चढून भाव पुकारायचा, तेव्हा बाजाराबाहेरची कुत्रीसुद्धा बोली लावतील असं वाटायचं. एकदा त्याच ढिगावरून घसरला, कंबर मोडून बसला. दुखण्यावर दिलेल्या गोळ्या दुखणं गेलं तरी सुटेनात. पुढची दोन वर्षं गोळी म्हणेल ती पूर्व दिशा.

त्याच काळात त्याने बायकोचं शिलाई मशीन विकलं आणि ‘दुरुस्तीला दिलंय’ म्हणून ठोकून दिलं. दुरुस्ती अकरा महिने चालली. तेवढ्यात मोडलेलं हाडसुद्धा दोनदा जुळतं. शेवटी बायको भावाकडे निघून गेली.

आता भोंगा रोज सकाळी नऊला दवाखान्यात हजर. सिस्टर त्याच्या जिभेखाली वेगळीच गोळी ठेवते. या गोळीने जुन्या गोळीची तलफ येत नाही, अंग मोडून येत नाही. अट एवढीच, की विरघळेपर्यंत दहा मिनिटं गिळायची नाही आणि बोलायचं नाही. तलफेपेक्षा हेच त्याला जड गेलं.

चाळिसाव्या दिवशी गोळी जिभेखाली गेली आणि दारात बायको उभी. हातात कपड्यांची पिशवी.

“घरी यायचं की दादाकडेच राहायचं, ते आज ठरवणार आहे,” ती समोरच्या बाकावर बसत म्हणाली.

भोंगा हातवारे करू लागला.

“बोटं खाली,” सिस्टर म्हणाली. “इथे लिलाव नाहीये.”

“दादा म्हणतो, एक गोळी सुटली नि दुसरी लागली. फरक काय?”

“ती घेऊन घर विकत होते हे,” सिस्टर रजिस्टरातून मान वर न करता म्हणाली, “ही घेऊन कांदे विकतात.”

बायकोला हसू आलं, पण ते गिळून ती भोंग्याकडे वळली. “मला एकच सांगा. मशीन कुठंय?”

भोंग्याकडे तीन थापा तयार होत्या. कारागीर गावाला गेलाय, पार्ट मिळत नाही, आणि तिसरी तर इतकी झकास होती की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. गोळी थुंकून बोलावं का? पण मग संध्याकाळपर्यंत अंग मोडून येणार, आणि उद्या ढिगावर उभं कोण राहणार? तो घड्याळाकडे बघत बसला. समोर बायको बोलत होती: दुसरीकडून उधारीवर शिवून घेतलेले झगे, शेजारणीकडे मागितलेली सुई, मशीनच्या जागी फरशीवर उरलेले चार डाग. लग्नाला बारा वर्षं झाली, पण तिचं बोलणं मध्येच न तोडता त्याने पहिल्यांदाच ऐकलं. थापा एकेक करून शिळ्या झाल्या.

“आ करा. जीभ वर,” सिस्टर म्हणाली. “झालं. बोला आता.”

“विकलं,” भोंगा म्हणाला.

“काय?” सिस्टरने विचारलं.

“मला ऐकू आलं,” बायको म्हणाली. “आणि घेणाऱ्याने दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं मला. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.”

तिने पिशवी त्याच्या हातात कोंबली.

“ही घरी ठेवून मग बाजारात जा. आणि उद्या नऊला मी पण येतेय. भांडी कुठं गेली, ते अजून बोलायचंय.”