आत्याचा हात आणि टर्कीची पिल्लं

माझ्या आत्याच्या हाताला गुण आहे, असं सिन्नरमधल्या आमच्या आळीत सगळ्या बायका मानायच्या. कुणाची कोंबडी खुडूक झाली की अंडी तिच्याखाली सरकवायला आत्याला बोलावणं यायचं. तिने ठेवलेली अंडी फुटून पिल्लं निघायचीच. नासकी अंडीसुद्धा तिला भिऊन फुटतात, असं मी सांगत हिंडायचो. तेव्हा, म्हणजे ऐंशी साल उलटून दोनेक वर्षं झाली असतील, मी तिथल्याच एका कारखान्यात होतो आणि थापा मारण्यात मला तालुक्यात जोड नव्हता.

नाशिकहून एका ओळखीच्याकडची टर्कीची सहा अंडी मी रुमालात बांधून आणली. यातून वासराएवढा पक्षी निघतो, असं एसटीत शेजाऱ्याला सांगितलं, तर तो सरकून बसला.

"परक्याची अंडी, आपली कोंबडी बसंल का रं त्यांच्यावर?" आत्याने विचारलं.

"तुझा हात लागल्यावर मीसुद्धा बसेन."

"मेल्या, लय बोलतोस!"

कोंबडी बिचारी अठ्ठावीस दिवस चिकटून बसली. पाच पिल्लं निघाली.

कोंबड्यांत मानमोडीची साथ येते, तिची भीती होती म्हणून मी ती पाटीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी डोळ्यात लसीचे थेंब घातले आणि विचारलं, "कोंबडीबरोबरच ठेवलीत?"

"आईच आहे की त्यांची."

"आजच वेगळी करा. कोंबडीला काही होत नाही, पण तिच्या विष्ठेतून गेलेला रोग टर्कीला मारतो. त्यावर हे थेंब चालत नाहीत. कोंबड्या फिरतात ती जमीनसुद्धा नको."

मी मान हलवली. घरी येऊन आत्याला सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, असली पिल्लं अख्ख्या जिल्ह्यात नाहीत!" कोंबडी बसवायची अक्कल माझीच होती, तिला बट्टा कोण लावून घेणार? अंगणात चुना टाकला, पाणी उकळून दिलं, आणि तेवढं पुरे, अशी स्वतःलाही थाप मारली.

दीड महिन्याची झाली तेव्हा त्यांनी पंख पाडले. विष्ठा गंधकासारखी पिवळी. आत्या हळदीचं पाणी पाजत राहिली. आठ दिवसांत पाचही गेली. कोंबडी मात्र ठणठणीत. पायाने माती उकरून, दाणा सापडला की त्यांना हाका मारायची.

"माझ्या हाताचा गुण गेला," आत्या म्हणाली. एवढंच. 

पुढच्या आठवड्यात शेजारीण अंड्यांची पाटी घेऊन दारात आली. "मावशी, चला की. खुडूक झालीय माझी."

"दुसरीकडं जा, बाई. माझ्या हातानं आता नको."

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. डॉक्टर काय म्हणाले, मी काय लपवलं, रोग कोंबडीपासून कसा गेला, सगळं भडाभडा सांगून टाकलं.

शेजारीण खो खो हसली. "धडधाकट कोंबडीनं रोग दिला म्हणे! मावशी, ह्याची आजवरची सगळ्यात मोठी थाप हीच."

"आईची शपथ, आत्या!"

आत्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "राहू दे, बाळा. माझ्यासाठी खोटं बोलतोयस, कळतंय मला."

शेजारीण पाटी उचलून परत गेली. आत्याने त्यानंतर कुणाच्या कोंबडीला हात लावला नाही.