अमेरिकेच्या याद्या करणाऱ्या मावशी

मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या श्रूजबरी गावच्या वाचनालयात दर शनिवारी अमेरिकन नागरिकत्वाच्या परीक्षेचा वर्ग भरतो, असं मला देवळात कुणीतरी सांगितलं. २००२ साल असेल. मी पुण्याची, त्यातून सॉफ्टवेअरवाली. सगळी प्रश्नोत्तरं पाठ करूनच गेले. शिकवायला कोणी गोरे गृहस्थ असतील असं वाटलं होतं. समोर उभ्या होत्या सुती साडीवर जाड स्वेटर घातलेल्या वानखेडे मावशी. नागपूरच्या शाळेत जन्मभर नागरिकशास्त्र शिकवून, यजमान गेल्यावर त्या मुलाकडे राहायला आल्या होत्या. मी धडाधडा उत्तरं म्हणून दाखवली. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पाठांतर चांगलं आहे गं. आता काय बोलून राहिली, त्याचा अर्थ सांग."

राज्यघटना तयार झाल्यावर दुरुस्त्या करून नागरिकांचे हक्क वेगळे लिहायची गरज का पडली, हे मला कुठं ठाऊक होतं? मावशींनी विचारलं, तुझ्या लग्नात याद्या झाल्या होत्या की नाही? झाल्या होत्या. बैठकीत सगळं तोंडी ठरलेलं असताना माझ्या मामांनी देणंघेणं, मानपान सगळं कागदावर उतरवून दोन्हीकडच्या सह्या घेतल्या होत्या. "तेच तर," मावशी म्हणाल्या. घटना लिहिणाऱ्यांचं म्हणणं होतं, हक्क गृहीतच आहेत, लिहायचे कशाला? पण आपल्या या मॅसॅच्युसेट्सची माणसं मामांसारखी खमकी. घटनेला होकार दिला, पण दुरुस्त्यांची मागणी जोडूनच. त्या दिवसापासून आमच्या मराठी मंडळात त्या दुरुस्त्यांचं नाव 'याद्या'च पडलं. पुढं माझ्या मुलाखतीत तोंडातून 'याद्या' निघता निघता राहिलं!

मावशींनी हे नुसतं शिकवलं नाही. त्याच वर्षी विसर्जन सप्टेंबरात आलं. न्यूयॉर्कच्या हल्ल्याला नुकतं वर्ष झालेलं, वातावरण तंग होतं. मिरवणूक कॅन्सल करू या, उगाच कशाला लोकांच्या डोळ्यांवर या, असं बहुतेकांचं मत पडलं. मावशी एकट्याच टाउन हॉलमध्ये गेल्या आणि शांततेनं जमण्याचा हक्क पहिल्याच यादीत आहे, असं सांगून तळ्याकाठची परवानगी घेऊन आल्या. मग ढोलवाल्या पोरांना दम दिला, 'शांततेनं' हा शब्दही तिथंच लिहिलाय म्हणून. बंदोबस्ताला आलेल्या पोलिसाला त्यांनी आग्रहानं दोन मोदक खाऊ घातले.

माझ्या बाळंतपणात आईचा व्हिसा नाकारला गेला, तेव्हा सव्वा महिना माझ्या घरी राहून मला तेल-पाणी करणाऱ्याही याच मावशी. बाळाला झोपवताना त्या नागपूरच्या गल्ल्यांची नावं घेत.

आणि म्हणूनच मावशी स्वतः परीक्षेला बसत नव्हत्या. आम्ही सगळे नागरिक झालो, त्या ग्रीन कार्डावरच. मी चिडवायचे, मावशी, लोकांच्याच लग्नाच्या याद्या करणार का? त्या हसून सोडून देत. एकदा मात्र म्हणाल्या, भारताचं नागरिकत्व सोडायचं आणि माझ्याच गावी जायला परवानगी मागायची, हे माझ्यानं होणार नाही बाप्पा. पण मत देता न येणंही त्यांना सलत होतं. तिथं मतदानाला पोचता येत नाही, इथं तो हक्क नाही. मग मी कुठली, असं त्या विचारायच्या. ते ऐकवत नसे.

गेल्या वर्षी त्यांनी अर्ज भरला. शपथेला मी सोबत होते. पूर्वीच्या देशाची निष्ठा सोडण्याचं वाक्य आलं, तेव्हा आजूबाजूचे पुटपुटले. मावशींनी ते स्पष्ट, खणखणीत म्हटलं. समजून केलेली सही अशीच असते. गाडीत बसल्यावर मात्र पदर डोळ्यांना लावून रडल्या, मीही रडले.

या हिवाळ्यात त्या नागपूरला जाऊन आल्या. मुंबईच्या विमानतळावर परदेशी लोकांच्या रांगेत उभ्या राहिल्या. खिडकीतल्या तरुणानं अदबीनं विचारलं, आजी, किती दिवस राहणार? आम्हा सगळ्यांकडून उत्तरं घोटून घेणाऱ्या मावशी मला सांगत होत्या, "मला उत्तरच येईना गं."

मावशींना पंचाहत्तरावं लागलं. मावशी, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, गुडघे ठणठणीत राहोत, नोव्हेंबरात पहिलं मत टाका आणि मग दर हिवाळ्यात नागपूरला जाऊन मनसोक्त संत्री खा. लवकर परत या, असं म्हणवत नाही. पण या.