टॉवेलाखाली सांगितलेला अंदाज

इकोच्या खोलीत दिवे मंद असतात. पडद्यावर अण्णांचं हृदय उघडझाप करत होतं आणि झडपेला चिकटलेली एक गाठ प्रत्येक ठोक्याला हलत होती. विहिरीच्या पाण्यात शेवाळ हलतं तशी, अगदी निवांत. मी गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिले.

ही गाठ जंतूंची आणि रक्ताच्या गुठळीची. आम्ही तिला व्हेजिटेशन म्हणतो. तिचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर पॅरालिसिस. अँटिबायोटिकने अण्णांचा ताप उतरला होता, पण झडप गळत होती.

अण्णा काष्टीच्या बैलबाजारातले दलाल. ताप गेला म्हणून त्यांना घरी जायचं होतं. आमच्या सरांचं मत होतं, पुण्याला जाऊन झडप बदलावी, आणि लगेच.

"स्कोअर काढलास?" सरांनी विचारलं.

वय, किडनी, जंतूचा प्रकार, गाठीचा आकार असं सगळं भरलं की जिवाला धोका किती याचा अंदाज येतो.

"काढला, सर. चांगला नाहीये."

"मग सांग त्यांना."

बाहेर त्यांचा मुलगा विकास आडवा आला. "मॅडम, अण्णांना काय बी सांगू नका. घाबरत्याल. बरं हुतंय म्हणा."

"पण ऑपरेशनला सही त्यांची लागेल."

"म्या करतो की सही!"

आमच्याकडे हे रोजचंच. आजार पेशंटचा, बातमी घरच्यांना. मला वाद घालता येत नाही. अवघड गोष्टी मला आधी इंग्रजीत सुचतात. मराठीत आणेपर्यंत समोरचा पुढे गेलेला असतो.

वॉर्डात दुपारचं ऊन पडद्यातून गाळून येत होतं. अण्णा उशीला टेकून बसले होते. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा विकासकडे पाहिलं. मग उशाचा टॉवेल हातावर टाकून हात पुढे केला.

"घाल हात, ताई."

मला कळेना.

"बाजारात भाव वरडून सांगत न्हाईत. कापडाखाली बोटं धरायची, म्हंजी बाकीच्यांना कळत न्हाई. माझ्यावानी धा मानसं धर. ऑपरेशन न्हाई केलं तर त्यातली किती जगत्याल? तेवढी बोटं धर, पाचाच्या वर गेलं तर परत धर."

"अण्णा, काय लावलंय हे!"

"तू गप. तुला इचारलं न्हाई."

टॉवेलाखालचा हात कोरडा, खरखरीत होता. मी त्यांची बोटं धरली. किती, ते लिहीत नाही. तो आमच्या दोघांतला मामला. त्यांचा चेहरा अजिबात हलला नाही. रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला, तोही पाण्याखालून आल्यासारखा वाटला.

"आन् केलं तर?"

मी आणखी बोटं धरली.

"ह्यात काय वाढवून सांगितलंस?"

"नाही."

"लई कडक हाय ही पोरगी," ते हसले. मग विकासला म्हणाले, "अँब्युलन्स सांग. पुण्याला जायचंय."

झडप बदलली. मधे किडनीने बराच त्रास दिला. तपासणीला आले तेव्हा अण्णा वाळले होते, पण स्वतः चालत आले.

"कसं तयार केलंस त्यांना?" सरांनी विचारलं.

"तुम्ही म्हणालात ना, सांग म्हणून. सांगितलं."

हल्ली मी स्कोअर काढला की आधी पेशंटलाच विचारते, तुम्हाला किती ऐकायचंय? काही जण नको म्हणतात. मग मी गप्प बसते. ते मला चांगलं जमतं.