टाकीखालची चासी

दुष्काळातल्या मे महिन्यात, एका सकाळी, आमच्या गावाजवळच्या कोरड्या ओढ्यात दूध संस्थेच्या जीपची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, तुटली. जीप माझा मोठा भाऊ चालवत होता. त्याला इजा झाली नाही.

म्हशी आटल्यामुळे संस्थेचं संकलन बंद होतं. दुधाच्या कॅनऐवजी जीपवर पाण्याची लोखंडी टाकी बसवली होती. सरकारी टँकर माणसांना जेमतेम पुरायचा. जनावरांसाठी ही एकच गाडी होती. गावातली बहुतेक जनावरं लांबच्या चारा छावणीत गेली होती. आमची म्हैस गाभण होती, दिवस भरत आले होते. तिला तेवढं चालवणं शक्य नव्हतं.

चासी तुटण्याच्या आधीपासूनच, ओढ्यात एक चाक दगडावर चढलं की जीप पिळवटायची. दारं उघडायची, टाकीचा जोड फाकून पाणी गळायचं. चुलती भावाला म्हणाली, "पानी आनतूस का रस्ता शिंपतूस रं?"

भावाने जीप युसूफ वडगावला नेली. मी सोबत होतो. तिथला वेल्डर हंगामात उसाच्या ट्रॉल्या मजबूत करायचा. त्याने चासीला दोन्ही बाजूंनी जाड पट्ट्या मारल्या, मध्ये आडवे तुकडे टाकले आणि टाकी थेट त्यांवर जोडली.

"खाली रबर ठिवायचं का?" भावाने विचारलं.

"ट्रॉलीला रबर असतंय का बे? मंग हिला कावून?"

पट्ट्या चालकाच्या सीटमागे संपत होत्या.

परतताना ओढ्यात दार उघडलं नाही, थेंबही गळला नाही. चुलतीने टाकीखाली हात फिरवून पाहिला. "लई शानी झाली की," ती म्हणाली. भाऊ टाकी काठोकाठ भरून आणू लागला.

ट्रॉली ट्रॅक्टरला एका खिळीवर जोडलेली असते; खड्ड्यात दोन्ही आपापल्या परीने कलतात. जीपला तशी खिळी नाही. मागचा भाग ताठ झाल्यावर सगळा पीळ पट्ट्या संपतात तिथे पडू लागला. हे आम्हाला नंतर दुसऱ्या गॅरेजात कळलं.

त्या सकाळी चासी तिथेच तुटली. टाकी कलंडली, पाणी वाळूत गेलं. भाऊ वेल्डरला घेऊन आला.

"आजच्या आज व्हईल का?"

"चासी हाय ती. खुरपं न्हाई."

आईने पिण्याच्या हंड्यातलं उरलेलं पाणी म्हशीपुढे ठेवलं. ऊन उतरल्यावर भावाने तिला छावणीच्या वाटेला लावलं. मी मागून हाकत होतो. छावणीचे पत्रे दिसू लागले तेव्हा ती रस्त्यावर बसली. ती पुन्हा उठली नाही.